औचित्यविचार आणि अकरा जण

मराठी विभागातल्या दोघा प्राध्यापकांच्या गळ्यात महाविद्यालयाचा फुटबॉल संघ का पडावा, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की क्रीडा संचालकाचे पद रिक्त होते आणि प्राचार्यांच्या दालनात त्या दिवशी आम्ही दोघेच सापडलो. २०२३च्या जुलै महिन्यातली ही गोष्ट. आदल्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातला विश्वचषकाचा अंतिम सामना नायगावातल्या कितीतरी मुलांनी मोबाइलवर पाहिला होता. एरवी कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांपलीकडे न जाणाऱ्या आमच्या मुलांनी तेव्हापासून 'सर, फुटबॉलची टीम काढू' असा लकडा लावला होता. आम्ही होकार दिला. त्या होकारात थोडा उत्साह होता आणि बराचसा अहंकार. शैली या विषयावर बोलायला साहित्याच्या अध्यापकाला मनापासून आवडते. वीस वर्षे आम्ही कवितेच्या आणि कादंबरीच्या शैलीवर बोलत आलो आहोत. खेळाच्या शैलीवर बोलायला काय लागते, असे आम्हांला वाटले असावे.

नायगाव हे नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. आमचे मैदान म्हणजे काळ्या जमिनीचा एक तुकडा. पावसाळ्यात तिथे पाय टाकला की बुटाला किलोभर माती चिकटून वर येते. पाऊस उघडला की चिखलात उमटलेले गुरांचे खूर जसेच्या तसे वाळतात आणि दिवाळीनंतर जमिनीला भेगा पडू लागतात. मुले नरसी, कुंटूर, मांजरम, बरबडा, घुंगराळा अशा आसपासच्या गावांतली. सोळा जणांनी नावे दिली. त्यांतले नऊ जण पोलीस भरतीची तयारी करणारे, म्हणजे पहाटे पाचला उठून नरसीच्या रस्त्यावर सोळाशे मीटर धावणारे, शंभर मीटरची वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंत सांगणारे आणि गोळाफेकीचा सराव करणारे. चौघे कबड्डीचे गडी. दोघे नांदेडला शाळेत असताना थोडे फुटबॉल खेळलेले.

सोळावा मुलगा वेगळा होता. त्याचे आईवडील हैदराबादला बांधकामावर मजुरी करीत. मुलाचे बालपण तिथल्या वस्तीत गेले, आणि तिथल्या मोकळ्या जागेत तो फुटबॉल शिकला. बारावीला तो आजीकडे गावी आला आणि पुढे आमच्या बी.ए.च्या वर्गात. अंगाने थोराड, चालीने संथ. पण चेंडू त्याच्या पायाशी आला की शांत होई. या वाक्याला पर्याय आम्हांला अजून सापडलेला नाही. इतरांच्या पायाला लागून तोच चेंडू गावभर उंडारे.

पहिल्या वर्षी आम्ही काय केले ते सांगायला संकोच वाटतो. स्पेनने २०१० साली ज्या आखूड पासांच्या जोरावर विश्वचषक जिंकला, त्या खेळाच्या चित्रफिती आम्ही वर्गातल्या प्रोजेक्टरवर मुलांना दाखवल्या. फळ्यावर त्रिकोण काढले. चेंडू जमिनीवरच राहिला पाहिजे, गोलरक्षकाने सुद्धा तो उंच मारायचा नाही, जवळच्या गड्याला द्यायचा, त्याने पुढच्याला. आमच्यातला एक तर या खेळाची तुलना चांगल्या ओवीशी करू लागला होता. मुले ऐकत. नंतर मैदानावर जात आणि वाळलेल्या खुरांवरून तो आखूड पास टणकन उडून भलतीकडे जाई. कबड्डीतला एक गडी एकदा कळवळून म्हणाला, "सर, पळायचं किती बी सांगा. हा बॉल पायाखाली आला की काय सुचतच नाही बघा." आम्ही त्याला सराव वाढवायला सांगितले.

ऑक्टोबरात विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आम्ही ६-० असे हरलो. चौथा गोल तर आमच्याच शिकवणुकीचे फळ होते. गोलरक्षकाने सांगितल्याप्रमाणे चेंडू जवळच्या बचावपटूला दिला, तो त्याच्या नडगीवरून उडाला आणि समोरच्या आघाडीवीराला आयता मिळाला. प्रेक्षकांत हशा पिकला. तो बचावपटू म्हणजे वर ज्याचे वाक्य दिले तोच गडी. सामना संपल्यावर आमच्यातल्या एकाने सगळ्यांच्या देखत त्याला विचारले, "अरे, तीन महिने काय शिकवलं तुला?" तो काही बोलला नाही. परतीच्या एस.टी.त त्याने आमच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. कबड्डीच्या संघात मात्र तो कायम राहिला, आणि तिथे तो फार चांगला खेळे.

त्यानंतर आम्हां दोघांत जे भांडण झाले ते कित्येक महिने पुरले. एकाचे म्हणणे, शैली उत्तमच होती, मुले कमी पडली. मोठ्या रूपासाठी मोठी साधना लागते. दुसऱ्याचे म्हणणे, आपल्या मातीतला खेळ सोडून परक्या तऱ्हा लादल्या की असेच व्हायचे. थोडक्यात, एक मर्ढेकरांकडे झुकला आणि दुसरा देशीवादाकडे. मराठीच्या प्राध्यापकांचे कोणतेही भांडण शेवटी याच दोन टोकांना जाऊन बसते. आज मागे वळून पाहता दोघेही चुकत होतो असे दिसते. पहिल्याची चूक उघड आहे. दुसऱ्याची जरा लपलेली आहे. नायगावच्या मातीत फुटबॉलची कोणती शैली उगवते? कोणतीच नाही. तिथे सोळा मुलगे असतात, त्यांचे बत्तीस पाय असतात आणि दर जूनला त्यांतले काही बदलतात.

या भांडणातून वाट दाखवली ती एम.ए.च्या पेपराने. भारतीय साहित्यशास्त्र शिकवताना वामनाची रीती आणि क्षेमेंद्राचे औचित्य आम्ही एकाच आठवड्यात उरकतो. रीतीला काव्याचा आत्मा मानणारा वामन विद्यार्थ्यांना पटकन आवडतो. अकराव्या शतकातला काश्मीरचा क्षेमेंद्र परीक्षेपुरता राहतो. कमरेचा दागिना गळ्यात घातला आणि गळ्यातला कमरेला बांधला तर सोने तेच असूनही लोक हसतात, असा त्याच्या औचित्यविचारातला प्रसिद्ध दाखला. तो वर्गात सांगताना आमच्यातल्या एकाला एकदम तो चौथा गोल आणि तो हशा आठवला. आखूड पासांचा खेळ खोटा नव्हता. आम्ही तो भलत्या अंगावर घातला होता.

याच सुमारास, २०२४च्या एप्रिलमध्ये, सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला. चित्रपटाविषयी आम्हांला विशेष काही म्हणायचे नाही. त्यामुळे एक झाले. आमच्यातल्या एकाचे थोरले चुलते, ज्यांनी नव्वदीकडे झुकलेल्या वयात चित्रपटगृहात जाण्याचे नाव घेतले नव्हते, ते 'रहीमसाहेबांचा पिक्चर' म्हणून नांदेडला घेऊन चला म्हणाले. ते हैदराबादला शिकायला होते. मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा नायगावकडच्या शिकणाऱ्या मुलाचे शहर म्हणजे हैदराबाद. मुंबई कुणी पाहिलेली नसे. तिथे त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाचे सामने पाहिले होते. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक जिंकला, हे ते अजूनही असे सांगतात की जणू स्वतःच कूपरेजवर उतरले होते.

रहीम यांचा जन्म १९०९चा, म्हणजे मर्ढेकरांच्याच वर्षीचा. उस्मानिया विद्यापीठात शिकून ते हैदराबादच्या शाळांत शिक्षक झाले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन खेळाकडे वळले. शिक्षक होते, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. समोर आलेला वर्ग शिक्षकाला निवडता येत नाही. आला तो आपला. रहीम खेळाडूंसाठी स्पर्धाही चमत्कारिक भरवीत: कमजोर पायानेच खेळायची एक, चेंडू घोळवत नेण्यास बंदी असलेली एक. यात विक्षिप्तपणा नव्हता. हैदराबादच्या मुलांना चेंडू पायात खेळवत बसण्याची हौस, आणि त्यांच्या एका पायात कसब तर दुसरा नुसता उभे राहायला. मुलांत काय आहे आणि काय नाही याची नेमकी नोंद घेतल्याशिवाय असली स्पर्धा कुणाला सुचणार नाही.

त्यांनाही हे आयते कळले होते असे मात्र नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला भारतीय संघ त्यांच्याच हाताखाली गेला. बरेच खेळाडू अनवाणी, हवा गार, आणि यूगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. (आमचे सहा गोल आठवले की हा आकडा आम्हांला फार धीर देतो.) पुढच्याच वर्षी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले. त्या सामन्यात हंगेरीचा हिदेगकुटी हा मध्य-आघाडीवीर आपली जागा सोडून मागे सरकून खेळत होता आणि इंग्लंडच्या बचावपटूंना त्याच्यामागे जावे की जागेवर थांबावे हे कळत नव्हते. रहीम यांनी या खेळाचा अभ्यास केला. हंगेरीची नक्कल करून भागणार नव्हते. त्यांच्याकडे पुश्कास नव्हता. त्यांनी एवढेच हेरले, की धिप्पाड युरोपीय बचावाला अंगावर घेण्याऐवजी मधला एक गडी मागे ओढला तर आपल्या चपळ, हलक्या अंगाच्या मुलांना पळायला जागा मोकळी होते. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले, आणि भारत चौथा आला. तो सामना १ डिसेंबरचा. बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ला, हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. चुलते म्हणतात, आम्ही मुंबईत गेलो आणि मुंबईचा पोरगा आमच्या मास्तरांसाठी खेळला.

आमच्या कामाचा प्रसंग त्यानंतर सहा वर्षांनी घडला. १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नैलसिंग हा भरवशाचा बचावपटू डोक्याला मार लागून जखमी झाला. डोक्याला टाके पडलेल्या माणसाला बचावात उभे करावे, तर उंच आलेला प्रत्येक चेंडू त्याने डोक्याने परतवायचा. बसवून ठेवावे, तर असा खेळाडू दुसरा नाही. रहीम यांनी त्याला उचलून आघाडीला नेले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी एक आणि जर्नैलने एक असे गोल करून भारताने २-१ने सुवर्णपदक घेतले. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

या प्रसंगाचा अर्थ त्या उन्हाळ्यात आम्ही अर्धाच घेतला.

ऑगस्टमध्ये आम्ही नव्याने बसलो. या वेळी फळ्यावर त्रिकोण काढले नाहीत. एका कागदावर प्रत्येकाचे नाव लिहिले आणि त्यापुढे त्याला काय येते तेवढेच. 'सोळाशे मीटर.' 'शंभर मीटर.' 'धक्का लागला तरी पडत नाही.' 'डावा पाय.' एका गोळाफेकवाल्यापुढे 'हात' असे लिहिले. फुटबॉलच्या नोंदीत हा शब्द विनोदी वाटेल, पण बाहेर गेलेला चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकण्याचा नियम त्याला समजावून दिला, आणि महिन्याभरात तो बाजूच्या रेषेवरून थेट गोलाच्या तोंडाशी चेंडू टाकू लागला. संघाचा खेळ आपोआप दिसू लागला. मागे दाटीने उभे राहायचे, कबड्डीच्या गड्यांनी अंगावर आलेल्यांना रोखायचे, चेंडू मिळाला की लांब, समोरच्या बचावाच्या मागे मारायचा, आणि भरतीवाल्यांनी धावायचे. आखूड पास बंद. खूर वाळलेल्या मैदानाशीही हा खेळ जुळणारा होता, कारण चेंडू बराच वेळ हवेतच असे. मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ज्याला सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आत धावायची सवय आहे त्याला 'धाव' म्हटले की तो मालक होतो.

आमच्यातला पहिला कुरकुरला. हा कसला खेळ, यात सौंदर्य कुठे, असे तो म्हणाला. २००४ साली ग्रीसने युरोपीय अजिंक्यपद जिंकले तेव्हा जगभरच्या रसिकांनी हेच म्हटले होते. ग्रीसने फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि यजमान पोर्तुगाल यांना ओळीने १-० असे हरवले. प्रशिक्षक जर्मनीचे ओटो रेहागेल. पाहायला तो खेळ रूक्ष होता यात वाद नाही. पण आपल्याकडे कोण आहे हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते, आणि कोणत्याही ग्रीक खेळाडूला त्याने न येणारी गोष्ट करायला लावून हशाचा धनी केले नाही. हा मुद्दा आमच्यातल्या पहिल्यालाही मानावा लागला. तो चौथा गोल आणि ती एस.टी.ची खिडकी आम्ही दोघेही विसरलो नव्हतो.

कागदावर एक नाव उरले होते. हैदराबादच्या मुलापुढे आम्ही लिहिले: 'चेंडू येतो. पळत नाही.' आणि नव्या खेळात पळणे हेच सर्वस्व असल्याने त्याला राखीव खेळाडूंत ठेवले. आमच्या मैदानावर फुटबॉल खऱ्या अर्थाने येणारा एकटाच मुलगा, आणि संघाला साजेशी शैली शोधताना आम्ही त्यालाच बाहेर बसवले. तो काही म्हणाला नाही. सरावाला वेळेवर येई, जाळीत चेंडू भरून ठेवी, आणि इतर धावत असताना बाजूला एकटाच भिंतीवर चेंडू मारत राही.

ऑक्टोबरातला पहिला सामना आम्ही १-० असा जिंकलो. गोळाफेकवाल्याने आत टाकलेला चेंडू कुणाच्या तरी खांद्याला लागून गोलात गेला. शैलीवर निबंध लिहिणाऱ्यांनी या गोलाकडे दुर्लक्ष करावे. आमच्या मुलांनी केले नाही; ती तासभर नाचत होती. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात समोरचा संघ शहाणा निघाला. आमचे धावणारे ओळखून त्यांनी बचाव मागे नेला. आमचे लांब मारलेले चेंडू आंधळे होते, तेवढी जागा त्यांच्यासाठी उरलीच नाही. दोन गोल झाले. धावणारे धावत होते, पण कुठे धावायचे ते त्यांना कुणी सांगत नव्हते.

शेवटची वीस मिनिटे उरली तेव्हा आम्ही त्या मुलाला आत पाठवले. विचार करून पाठवले असे म्हणवत नाही. एकाच्या पायात गोळा आला होता आणि राखीव खेळाडूंत तो समोर बसला होता. तो मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आमच्यातला दुसरा रेषेवरून ओरडला, "पळ की!" तो पळाला नाही. चेंडू त्याच्याकडे आला, त्याने एकदा मान वर केली आणि बचावाच्या दोन गड्यांमधल्या फटीतून तो अशा बेताने पाठवला, की आमचा नरसीचा सोळाशे मीटरवाला आणि तो चेंडू एकाच क्षणी एका जागी पोचले. पहिल्या वेळी मुलाने घाई केली आणि ऑफसाइडची शिटी वाजली. दुसऱ्या वेळी गोल झाला. तिसऱ्या वेळी चेंडू खांबाला लागला. सामना २-१ असा हरलो.

परतीच्या एस.टी.त तो आमच्या शेजारच्या बाकावर बसला होता. लोह्याकडची सीट मोडलेली एस.टी., धूळ, मुले पेंगलेली. कृष्णूर गेल्यावर त्याने विचारले, "सर, मला अगोदर कामून नाही टाकलं?"

आम्ही खरे तेच सांगितले. "तू पळत नाहीस म्हणून."

"मी कामून पळू सर? पळणारे नऊ जण हैतच की. त्यायला बॉल द्यायला कुणी तरी थांबायला पाहिजे का नाही?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. जर्नैलसिंगाची गोष्ट आम्ही त्या उन्हाळ्यात चारचौघांत दहा वेळा तरी सांगितली होती. रहीम यांनी शैलीसाठी खेळाडू वगळला नाही, आहे त्या खेळाडूसाठी जागा शोधली, हे त्या गोष्टीचे दुसरे अर्धे अंग बरबड्याच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात त्या मुलाने आमच्या हातात ठेवले. हंगेरीचा मागे सरकलेला हिदेगकुटीही आम्हांला तोंडपाठ होता. तो आमच्याच मैदानाच्या कडेला भिंतीवर चेंडू मारत उभा आहे, हे दिसले नाही. औचित्याचा विचार बेरजेने करता येतो असे आम्ही समजलो होतो: नऊ जणांना जे येते ते संघाचे, एकाला जे येते ते त्याचे.

दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आला नाही. वडील पडून पाय मोडला होता, कामाला माणूस हवे होते. त्याच्या गावच्या मुलांनी सांगितले ते एवढेच. म्हणजे कारण घरचे होते. संघात त्याची जागा पक्की असती तर तो थांबला असता असे म्हणणे हा आमच्या महत्त्वाचा फुगा ठरेल. तरीही त्या वर्षी आमच्याकडून त्याला खेळायला मिळाली ती वीस मिनिटे, हा हिशेब आम्हां दोघांपैकी कुणालाही मिटवता आलेला नाही. त्याच्या परीक्षेचा अर्ज आम्ही भरून ठेवला होता. त्याने फोनवर 'येतो सर' म्हटले आणि तो आला नाही.

यंदा पुन्हा कागद काढला आहे. तेरा नावे आली आहेत. भरतीवाले सात, एक उंच मुलगा मांजरमचा, आणि कबड्डीतला तो जुना गडी. हा शेवटच्या वर्षाला असून आपणहून आला. त्याला आम्ही त्या दिवसाबद्दल काही बोलायला गेलो, तर तो म्हणाला, "जाऊ द्या सर, बॉल लांब मारायचा ना आता?" त्याच्या नावापुढे आम्ही 'पडत नाही' असे लिहिले. उरलेल्यांत एक बारका मुलगा आहे. धावत नाही, धक्क्याने पडतो, पायही दोन्ही सारखेच कच्चे. सरावात मात्र चेंडू कुठे पडणार तिथे तो आधीच जाऊन उभा असतो. त्याच्यापुढे काय लिहावे यावर आमचे एकमत झालेले नाही. मैदानावर अजून चिखल आहे. गुरे आत येऊ नयेत म्हणून या वर्षी फाटकाला साखळी लावली आहे.